पिकअपच्या हौद्यातला खोका, टाकी, फ्रीज घट्ट कसा बांधावा? घाटात किंवा महामार्गावर निघण्याआधी हे वाचा

कुडाळ : जत्रेतला वडापावचा खोका, बागेत पाणी नेण्याची टाकी, लग्नातला जनरेटर, हॉटेलचा डीप फ्रीज. तालुक्यात या सगळ्या वस्तू पिकअप नाहीतर छोटा हत्तीच्या हौद्यातून फिरतात. बांधायला घरातली नायलॉनची दोरी, दोन फेरे आणि एक गाठ. कोणी शंका काढली तर उत्तर ठरलेलं, "येवढो जड आसा, खंय हलतलो?"

हा समज जीवावर बेतू शकतो. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, पण न अडवलेली वस्तू पुढे जातच राहते. पुढे ड्रायव्हरची केबिन असते. वळणावर वस्तू बाहेर पडली, तर मागून दुचाकीवर कोण येत असेल ते सांगता येत नाही.

जड वस्तूसुद्धा का सरकते?

वस्तू दुप्पट जड असली की हौद्यावरची तिची पकड दुप्पट होते. पण ब्रेक मारल्यावर तिला पुढे ढकलणारा जोरही दुप्पट होतो. म्हणजे जड वस्तूला वेगळी सवलत मिळत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. अमेरिका आणि युरोपच्या माल बांधण्याच्या नियमांत एक सोपा हिशेब आहे. बांधणीने पुढच्या दिशेला वस्तूच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर सहन केला पाहिजे. म्हणजे ५०० किलोचा खोका असेल, तर पुढे ४०० किलोएवढा आणि प्रत्येक बाजूला २५० किलोएवढा जोर थोपवायची तयारी हवी.

त्यात आपल्याकडचा पावसाळा. हौद्याचा पत्रा ओला, चिखलाचा किंवा तेलकट असला की पकड आणखी कमी होते. स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात गाडी आपटली की वस्तू क्षणभर हलकी होते आणि तेवढ्यात सरकते. वळणावर वेग दुप्पट असेल तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. आंबोली, करूळ, फोंडा या घाटांत म्हणूनच वेगाला महत्त्व आहे.

अमेरिकेत काय करतात?

तिकडे पिकअपच्या हौद्यात झोपायची अख्खी खोली ठेवून लोक फिरायला जातात. तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. काम झालं की खोली उतरवून ठेवायची आणि गाडी मोकळी. आपल्याकडे जत्रेपुरता खोका चढवतात, तसलाच प्रकार.

ही खोली चार कोपऱ्यांवर बांधलेली असते. खाली रबरी मॅट असते. साखळी किंवा सळईला टर्नबकल लावून ताण देतात. जड खोली असेल तर हूक पातळ पत्र्याला न लावता चासीला पकडलेल्या ब्रॅकेटला लावतात. आपल्या खोक्यालाही हीच पद्धत लागू पडते.

आधी अडवा, मग बांधा

१. हौदा झाडून, पुसून कोरडा करा. खाली जाड रबरी मॅट घाला. गुळगुळीत प्लास्टिक किंवा ताडपत्री वस्तूखाली घालू नका, त्यावर ती जास्त घसरते.

२. वस्तू केबिनकडच्या मजबूत आडव्या भिंतीला टेकवून ठेवा. मध्ये फट राहत असेल तर लाकडी ठोकळे ठोकून ती भरा. वजन मागच्या चाकांच्या पुढे यायला हवं. जास्त वजन मागे गेलं तर गाडीचं तोंड हलकं होतं, चढावर स्टेअरिंग पकड सोडतं.

३. डाव्या-उजव्या बाजूलाही ठोकळे किंवा अँगल लावा. सगळा भार दोरीवर टाकू नये. फाळका हा दरवाजा आहे, त्याच्या भरवशावर वस्तू ठेवू नये.

४. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र बांधण्या घ्या. पुढच्या दोन पुढे आणि खाली ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे आणि खाली ओढणाऱ्या. एकच लांब दोरी सगळीकडे फिरवली, तर एक जागा तुटली की सगळंच सुटतं.

५. ताडपत्री बांधायचे छोटे हूक ताडपत्रीसाठीच आहेत. जड वस्तूसाठी हौद्याच्या खालच्या आडव्या चॅनलला पकड घ्या. चासीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं टाळा, त्याने चासी कमजोर होऊ शकते. नट-बोल्टने आवळायचा ब्रॅकेट जाणकार बॉडीवाल्याकडून करून घ्या. मोठा वॉशर आणि लॉकनट विसरू नका.

दोरी, पट्टा की साखळी?

नायलॉनची दोरी ताणली जाते, ओली झाली की आणखी. घरातून निघताना घट्ट असलेली दोरी काही किलोमीटरवर सैल पडते ती यामुळेच. स्वस्त रंगीत प्लास्टिक दोरी उन्हाने कडक होऊन तुटते, तिची गाठही घसरते.

जड वस्तूला रॅचेटचा पॉलिएस्टर पट्टा बरा. तो कमी ताणला जातो आणि रॅचेटने परत आवळता येतो. घेताना लेबल वाचा. तुटण्याचा आकडा मोठा असतो, रोजच्या कामाचा आकडा त्याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा असतो. हिशेब लहान आकड्यावर करायचा. पट्ट्याला गाठ मारू नका, गाठीने त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. अँगलच्या धारेवर पट्टा जात असेल तर मध्ये जुन्या टायरचा तुकडा घाला. चिरलेला, शिलाई उसवलेला पट्टा टाकून द्या.

मालवण, देवबाग, तारकर्ली भागात खाऱ्या हवेने रॅचेट, शॅकल आणि टर्नबकल लवकर गंजतात. त्यांना अधूनमधून तेल-ग्रीस द्यावं. गंजून बारीक झालेला बोल्ट रंग मारून वापरू नये.

पाण्याची टाकी : अर्धी भरलेली जास्त धोक्याची

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची झाली. छोटा हत्तीच्या बऱ्याच मॉडेलची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. आपल्या गाडीचा आकडा आरसी बुकवरून काढा. गाडीत चढलेली माणसं आणि टाकीची चौकटही वजनात धरा.

अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हेलकावे खातं आणि वळणावर गाडीला बाहेर ढकलतं. त्यामुळे मोठी टाकी अर्धी नेण्यापेक्षा लहान टाकी पूर्ण भरून नेलेली बरी. गोल प्लास्टिक टाकीवर नुसता पट्टा टाकला तर ती त्यातून निसटते. तिच्याभोवती लोखंडी चौकट करून चौकट गाडीला बांधावी.

खोक्यात गॅस सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढा, वाल्व बंद करून टोपी लावा, सिलिंडर उभा आणि वेगळा बांधा. कढईतलं तेल काढून टाका. खोक्याची दारं, फळ्या बाहेरून कडी घालून बंद करा.

'धरायला' माणूस बसवू नका

फ्रीज असो की गणपतीच्या शाळेतून आणलेली मोठी मूर्ती, मागे धरायला दोन पोरं बसवतात. शंभर किलोचा फ्रीज जोराच्या ब्रेकला ८० किलोएवढ्या जोराने पुढे येतो. हलत्या हौद्यात तो कुठल्याच माणसाला धरवत नाही, उलट माणूस फ्रीज आणि केबिनच्या मध्ये सापडतो.

विम्याचाही प्रश्न आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं. अपघात झाला तर खर्च गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली बदल झाले. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. माल हौद्याबाहेर किंवा ठरलेल्या उंचीवर गेला तरी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. खोका गाडीला कायमचा जोडायचा असेल तर कलम ५२ लागू होतं. त्यासाठी आधी ओरोसच्या परिवहन कार्यालयात विचारून परवानगी घ्यावी.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं

• वस्तूला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. वस्तू आणि गाडी एकत्र हलली पाहिजे.
• चारही पट्टे सारखे ताठ आहेत का, उरलेली टोकं चाकात जाणार नाहीत ना, ते पाहा.
• मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली गेली नाही ना, ते तपासा.
• उंची मोजून केबिनमध्ये लिहून ठेवा. गावातल्या रस्त्यावर विजेच्या तारा आणि फांद्या खाली असतात.
• सुरुवातीच्या काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा. महामार्गावर कुडाळहून निघाल्यास उत्तरेला ओरोस, दक्षिणेला झारापच्या आत हे करा. आंबोलीला जाताना दाणोलीत पुन्हा एकदा उतरून बघा.
• घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये, सावकाश. मोठा खड्डा किंवा जोराचा ब्रेक बसला असेल तर पुढच्या मोकळ्या जागेत थांबून बांधणी तपासा.

चार चांगले पट्टे आणि एक रबरी मॅट पुढची बरीच वर्षं कामाला येतात. दुसऱ्याचा खोका किंवा फ्रीज भाड्याने नेणाऱ्याने तर हे सामान गाडीतच ठेवावं. ऐनवेळी मालकाच्या घरातली दोरी शोधत बसायची पाळी येत नाही.