नागरी गरिबी आणि मानसिक आरोग्य : मोरजी

मोरजी हे उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या मुखाशी वसलेले किनारी गाव. २०११ च्या जनगणनेत ते नागरी वस्ती म्हणून नोंदले गेले. कारभार मात्र पंचायतीकडेच राहिला. येथील गरिबी भाड्याच्या खोल्यांत, शॅकवरच्या हंगामी नोकरीत, टॅक्सीच्या कर्जाच्या हप्त्यांत आणि पावसाळ्यात आटणाऱ्या मिळकतीत असते. दरडोई उत्पन्नात गोवा देशात आघाडीवर असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण राज्याची सरासरी पावसाळ्याच्या चार महिन्यांचे घरभाडे भरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल व आर्थर क्लाइनमन यांच्या २००३ च्या आढाव्यात गरिबांमधील नैराश्य व चिंताविकारांमागे असुरक्षितता, निराशा आणि झपाट्याने होणारे सामाजिक बदल ही संभाव्य कारणे मांडली आहेत. पर्यटनावर जगणाऱ्या गावाला ती थेट लागू पडतात.

आजारामुळेच माणूस गरीब होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. थेट आर्थिक साहाय्य मिळाल्यावर मनःस्वास्थ्य सुधारते, असे अनेक देशांतील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे गरिबीही आजाराला कारण होते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर नैराश्य आढळले. आर्थिक ओढगस्त आणि नवरा-बायकोतील ताणलेले संबंध ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती.

परिस्थितीने आलेल्या दुःखाला रोग ठरवून गोळ्या देऊ नयेत, ही हरकत रास्त आहे. पण म्हणून उपचारच नाकारणे हा दुसरा अन्याय ठरतो. ‘संगाथ’ संस्थेने गोव्यात केलेल्या ‘मानस’ प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांना सेवेत सामावून घेतले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्यकेंद्रांत नैराश्य-चिंताविकारांचे निदान झालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. म्हणून पेडण्यासारख्या तालुक्यात सरकारी केंद्रातील समुपदेशन आणि बिगरहंगामी मिळकतीची हमी ही दोन्ही कामे एकत्रच व्हायला हवीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तसे कार्ड नसले तरी, विनामूल्य उपचारांचा हक्क आहे. परराज्यातून आलेल्या कामगारासाठी ही तरतूद सर्वांत मोलाची असून तिची अंमलबजावणी हीच स्थानिक आरोग्ययंत्रणेची खरी कसोटी आहे.