क्लच बदलताना इंजिनचं काय काय करून घ्यावं? एमजीबी स्पोर्ट्स कारची संपूर्ण माहिती

एमजी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना हेक्टर आठवते. पण माझ्याकडे जी एमजी आहे ती १९७२ ची आहे, दोन दारांची आणि पेट्रोलवर चालणारी. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो. बरीच वर्षं पैसे साठवून ही गाडी घेतली आणि पहिल्याच वर्षी तिचा क्लच गेला.

खरं सांगतो, या एका क्लचसाठी मी इंजिन दोनदा बाहेर काढलं. दुसऱ्यांदा काढावं लागलं ते दहा पाऊंडांपेक्षा स्वस्त असलेल्या एका रबरी सीलमुळे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख. क्लच बदलायच्या निमित्ताने जुन्या इंजिनमधलं काय बदलावं आणि कशाला अजिबात हात लावू नये, हे आपण बघूया.

एमजीबी ही कोणती गाडी?

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन इथे बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या, त्यामुळे आजही तिचे जवळपास सगळे पार्ट मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं आणि 'बी सिरीज' घराण्यातलं. याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये होतं! माझ्या बाबांनी सरकारी ॲम्बेसेडर अनेक वर्षं चालवली. मी व्हिडिओ कॉलवर माझं इंजिन दाखवलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "अरे, हे तर आपलंच आहे की!"

एक छोटी गोष्ट: आपण सरसकट 'विंटेज' म्हणतो, पण ब्रिटनमध्ये काटेकोरपणे १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच विंटेज म्हणतात. एमजीबी त्यांच्या हिशेबाने 'क्लासिक'.

क्लच बदलायला इंजिन का काढावं लागतं?

क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसतो. इंजिनच्या मागे एक जड चाक असतं, ते फ्लायव्हील. त्यावर क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर जोर देतं, क्लच प्लेट सुटते आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाणं थांबतं.

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवला की क्लच हाताशी येतो. एमजीबीत गिअरबॉक्स बॉडीच्या अरुंद बोगद्यात असा बसवलाय की तो खालून निघत नाही. त्यामुळे बॉनेट काढा, रेडिएटर काढा, वायरी-पाईप सोडवा आणि दीडशे किलोहून जड इंजिन चेन पुलीने वर उचला. एकटं इंजिन काढता येतं किंवा गिअरबॉक्ससकट. मी पहिल्यांदा एकटं काढलं आणि परत जोडताना घाम फुटला. दुसऱ्यांदा दोन्ही एकत्र काढलं. वजन जास्त असलं तरी जोडणी बाहेर, सपाट जमिनीवर होते, म्हणून मला ते सोपं वाटलं.

एवढा खटाटोप एका क्लचसाठी करायचा, मग त्याच वेळी बाकीची कामं का नाही उरकायची? मोबाईलची बॅटरी बदलायला मागचं झाकण उघडलं की पाणी अडवणारी चिकटपट्टीही नवीन लावतात ना, तसंच हे.

माझी चूक काय झाली?

पहिल्या वेळी बाबा फोनवर म्हणाले होते, "इंजिन उतरवलंयस तर मागचं सील टाकून घे रे." मी बघितलं, तर सील कोरडं दिसलं. फ्लायव्हील काढायचा कंटाळा होता, रविवार संपत आला होता. म्हटलं, चाललंय ते चालू दे.

चार महिन्यांनी चढावर इंजिनचा आवाज वाढायला लागला, पण वेग वाढेना. क्लच घसरत होता. गाडीखाली बघितलं. क्लचच्या हाउसिंगला तळाशी एक भोक असतं आणि त्यात एक कॉटर पिन लोंबकळत असते. ती हलत राहते, त्यामुळे भोक बुजत नाही आणि आतलं तेल बाहेर पडतं. त्या पिनेच्या टोकाला इंजिन ऑइलचा थेंब होता. म्हणजे सील गळालं, तेल नव्या क्लच प्लेटवर गेलं आणि शंभर पाऊंडांच्या वरचा क्लच किट वाया! तेल मुरलेली प्लेट धुऊन पुन्हा भरवशाची होत नाही.

इंजिन काढण्याआधी या तीन तपासण्या करा

गाडी चालू आहे तोवरच या करता येतात. इंजिन एकदा लोंबकळायला लागलं की उशीर झालेला असतो.

१. कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिन गरम करा, चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि गेजवर प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्या. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एखाद्याचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोघांमधलं हेड गॅस्केट आधी तपासा.

२. ऑइल प्रेशर: एमजीबीच्या डॅशबोर्डवर याचा वेगळा काटा असतो. इंजिन गरम असताना रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ पीएसआय हवा. तेवढा असेल तर आतली बेअरिंग सहसा ठीक आहेत.

३. गळती कुठून आहे: इंजिन धुऊन कोरडं करा, थोडी गाडी चालवा आणि टॉर्च लावून बघा. तेल वरून खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

माझ्या इंजिनमध्ये चारही सिलिंडर जवळजवळ सारखे होते आणि प्रेशर चांगलं होतं. पुढचा सगळा निर्णय या दोन आकड्यांवर झाला.

इंजिन बाहेर आल्यावर काय बदलायचं?

मागचं ऑइल सील: क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवती, फ्लायव्हीलच्या आड, इंजिनच्या मागच्या प्लेटमध्ये हे बसतं. कोरडं दिसलं तरी बदला. नवं सील बसवताना ओठाला तेल लावा आणि ते सरळ, सगळीकडून सारखं दाबा. जुन्या सीलने शाफ्टवर चर पाडली असेल तर नवं सील किंचित पुढे-मागे बसवता येतं का ते बघा. लक्षात ठेवा, हे सील पाच मेन बेअरिंगच्या इंजिनला असतं. १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनला तिथे असं रबरी सील नसतंच.

स्पिगॉट बुश: क्रँकशाफ्टच्या टोकातलं हे छोटं ब्राँझचं बुश गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देतं. झिजलं की क्लच थरथरतो. नवं बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ते सच्छिद्र असतं, तेल शोषून घेतं.

फ्लायव्हील: निळसर डाग, बारीक तडे किंवा चरे दिसले तर मशीन शॉपमध्ये घासून घ्या.

रिलीज बेअरिंग: एमजीबीत हे कार्बनचं असतं, गोळ्यांचं नाही. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ते लवकर झिजतं. क्लच किटसोबत नवंच टाका. बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचं बुश आणि पिनही बघा.

क्रँकशाफ्टचा पुढे-मागे खेळ: क्लच दाबला की क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो आणि तो भार थ्रस्ट वॉशरवर येतो. शाफ्ट पुढे-मागे हलवून डायल गेजने मोजा. खेळ मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर ऑइल चेंबर काढून वॉशर बदलता येतात.

कोअर प्लग: ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या या धातूच्या टिकल्या पाण्याने आतून गंजतात. इंजिन गाडीत असताना तिथे हात पोचणं कठीण. माझ्या एका प्लगला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला!

टॅपेटची बाजूची झाकणं: मॅनिफोल्डच्या मागे दोन पत्र्याची झाकणं असतात, त्यांचं कॉर्कचं पॅकिंग जुनं झालं की हमखास गळतं. बदलताना बोल्ट जास्त आवळू नका, पत्रा वाकतो.

बाकीचं: ऑइल चेंबरचं पॅकिंग, पुढच्या टायमिंग कव्हरचं सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, इंजिन माउंटिंग, पाण्याचे आणि पेट्रोलचे पाईप. इथे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुने रबरी पाईप त्याने खराब होतात. भारतातही ई२० आलंय, त्यामुळे जुनी गाडी असेल तर तुम्हालाही हे लागू आहे.

काय करायचं नाही?

इथे खरी परीक्षा असते. इंजिन डोळ्यांसमोर उघडं आहे, मग पिस्टन पण बदलू, कॅमशाफ्ट पण टाकू असं वाटत राहतं. असं करता करता अनेक गाड्या सुटे भाग होऊन वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडून राहतात.

मी एक नियम केला. मोजमाप चांगलं आहे तो भाग उघडायचा नाही. कॉम्प्रेशन बरोबर आहे, मग पिस्टनला हात नाही. प्रेशर बरोबर आहे, मग बेअरिंगला हात नाही. सील, पॅकिंग, बुश, पाईप एवढंच बदलायचं, कारण यांचा खर्च कमी आणि नंतर बदलायचा त्रास प्रचंड. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "चालत्या इंजिनला उगाच डिवचू नये." हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं.

मोबाईलचा उपयोग कसा करायचा?

• प्रत्येक वायर आणि पाईप सोडवण्याआधी दोन फोटो काढा, एक लांबून, एक जवळून.
• बोल्ट पिशवीत टाका, पिशवीवर नाव लिहा आणि पिशवीचा फोटो जिथून बोल्ट काढला त्या जागेसोबत काढा.
• हात तेलकट असतात, टाईप करत बसू नका. व्हॉइस नोट करा.
• दिसत नाही तिथे फोन आत सरकवून व्हिडिओ काढा.

मला याचा थेट फायदा झाला. दुसऱ्या वेळी क्लच प्लेट मी उलटी लावली होती. फोटो जुळवून बघितला तेव्हा लक्षात आलं. प्लेटवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

जोडताना घ्यायची काळजी

क्लच प्लेट मधोमध यायला अलाइनमेंट टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन प्लेटवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते. आवळायचे आकडे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

जोडून झालं की लगेच स्टार्ट करू नका. स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत थांबा. मगच प्लग लावा. ऑइल २०डब्ल्यू५०, झिंकचं प्रमाण पुरेसं असलेलं घ्या, या इंजिनच्या कॅमशाफ्टला त्याची गरज असते.

सुरक्षेच्या तीन गोष्टी: उचललेल्या इंजिनखाली कधीही हात-पाय घालू नका. जुन्या क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेने उडवू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. आणि बॅटरी आधी सोडवा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, तिथे गफलत होऊ देऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्लच जातोय हे कसं ओळखायचं? वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. गिअर पडताना खरखर होत असेल तर आधी क्लचचं हायड्रॉलिक ऑइल तपासा. दोष कदाचित तिथेच असेल आणि इंजिन काढावंच लागणार नाही.

हे घरी करता येतं का? येतं, पण एकट्याने नाही. चांगली चेन पुली, एक मदतनीस आणि दोन-तीन शनिवार-रविवार हवेत.

तपासणी कोण करतं? ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे जबाबदारी आपली. मी तरी दरवर्षी स्वतःहून करून घेतो.

तर मित्रांनो, दुसऱ्यांदा इंजिन बसवून आता दीड वर्ष झालं. त्या कॉटर पिनेखाली मी दर महिन्याला पुठ्ठा ठेवून बघतो, अजून कोरडा आहे. बाबा पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत आणि मला बाजूला बसवून गाडी तेच चालवणार, असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय. तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि क्लचचं काम निघालं, तर मेकॅनिकला एकच प्रश्न नक्की विचारा: "मागचं सील पण बदलताय ना?"