आठ रुपयांची खोली

माझ्याकडे आजोबांची एक वही आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार हिशेबाला वापरतात तशी. पहिल्या पानावर अरबी अक्षरांत बिस्मिल्ला आणि त्याखाली स्वच्छ मराठीत हिशेब. ‘खोली नंबर १, भाडे रुपये ८. खोली नंबर २, भाडे रुपये ८.’ अशा चौदा खोल्या. पाने उलटत गेलो की महिने बदलतात, वर्षे बदलतात, आजोबांच्या अक्षराच्या जागी अब्बांचे अक्षर येते. आठाचा आकडा मात्र हलत नाही.

मुंबईच्या चाळींविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. गॅलरीतल्या गप्पा, नळावरची भांडणे, गणेशोत्सव आणि मोहरमचे सरबत. पण चाळ कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि पुढे त्या पैशाचे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. आज थोडे त्याविषयी.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीचा प्रश्न सरकारच्या दारात येऊन उभा राहिला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. तरीही शहरातल्या बहुसंख्य खोल्या खासगी मालकांच्याच होत्या. हे सगळे मालक काही बडे शेठ नव्हते. चार पैसे गाठीला बांधलेला दुकानदार, मुकादम, आगबोटीवरचा नोकरदार अशी माणसेही त्यांत होती. म्हातारपणी पेन्शन नसलेल्या माणसाला भाडे हेच पेन्शन होते.

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, आगबोटीवर नोकरीला. १९३४ मध्ये त्यांनी गावच्या एका सोबत्याबरोबर भागीदारीत माझगावला जुनी बैठी चाळ घेतली. कौले बदलली, प्रत्येक खोलीत मोरी काढली, चुना दिला आणि दोन वर्षांनी ती विकून टाकली. आपल्या वाट्याच्या नफ्यात आगबोटीवरची बचत घालून त्यांनी चौदा खोल्यांची एकमजली चाळ घेतली. लाकडी खांब, लाकडी तुळया, वर मंगलोरी कौले. अशाच आणखी दोन चाळी घेऊन गावी परतायचे, असा त्यांचा बेत होता.

तो बेत दुसऱ्या महायुद्धाने मोडला. युद्धकाळात शहरात माणसे लोटली, जागा मिळेनाशी झाली. भाडेकरूला संरक्षण देणे भागच होते. पहिल्या महायुद्धातही, १९१८ साली, असा कायदा झाला होता. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच ‘प्रमाणित भाडे’ ठरवले. कायदा तात्पुरता होता. पण त्याला एकामागून एक मुदतवाढ मिळत गेली. भाडे गोठले. लाकूड, कौले, गवंड्याची मजुरी मात्र गोठली नाही.

यातून दोन गोष्टी घडल्या. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे आतबट्ट्याचे ठरले आणि बांधणारा मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळला. १९६३ साली तर अशा सदनिकांसाठी वेगळा कायदाच झाला. दुसरी गोष्ट म्हणजे पागडी. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेई आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला मिळे. कायद्याने हा गुन्हा होता, म्हणून व्यवहार रोखीने, बिनपावतीचा. घरांच्या खरेदीविक्रीचा धंदा बंद पडला नाही. तो फक्त वहीबाहेर गेला.

१९८४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी शाळेत होतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक विधवा बाई राहत. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्या अब्बांना म्हणाल्या, “शेठ, मागच्या पावसात चुलीवर छत्री धरून भाकऱ्या केल्या. यंदा तरी कौलांचं बघा.” अब्बा गप्प राहिले. चौदा खोल्यांचे वर्षाचे भाडे होते १,३४४ रुपये.

त्याच महिन्यात नऊ नंबरचे बिऱ्हाड गावी निघाले. खोली पागडीने गेली आणि अब्बांच्या हातात वीस हजार पडले. म्हणजे पंधरा वर्षांचे भाडे. अब्बा पाच वेळचे नमाजी. आयुष्यात पैचा खोटा हिशेब त्यांनी लिहिला नव्हता. त्या रात्री वही पुढ्यात घेऊन ते बराच वेळ बसले. वहीत त्या दिवशीची नोंद एकाच शब्दाची आहे : ‘कौले’. पुढे रक्कम नाही. मावशींच्या चुलीवर त्या वर्षी पाणी गळले नाही. पण कौलांवर न भागणारे दुखणे खांबांत होते, आणि तेवढा पैसा पुन्हा कधी आला नाही.

सरकारला हा प्रश्न दिसत नव्हता असे नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ आले. पण उपकरप्राप्त इमारती होत्या साडेएकोणीस हजारांवर. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे अवाजवी ठरवले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढ. चार टक्क्यांनी चढत आठ रुपये पंचवीस वर्षांनी पंचविसाच्याही आतच राहतात. २०१७ साली भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. त्या दिवशी मी आमच्या चाळीत जाऊन खांबांना लावलेले टेकू मोजून आलो.

माझा भाडेकरूंवर राग नाही. कायदा नसता तर मावशींसारख्यांना युद्धाच्या महागाईने केव्हाच रस्त्यावर आणले असते. पण ज्याने डोक्यावरचे छप्पर वाचवले, त्यानेच छप्पर दुरुस्त करण्याचा पैसा आटवला. भाडे वाजवी दराने वाढत राहिले असते, तर अब्बांना तो एक शब्द लिहावा लागला नसता.

आज आम्ही तेवीस वारस आहोत. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. परवा मावशींचा नातू जिन्यात भेटला. म्हणाला, “काका, आपल्या चाळीचं काय ठरलं?”

त्याने ‘आपल्या’ म्हटले, ते मला खटकले नाही. वहीत नाव आजोबांचे आहे. पण ऐंशीहून अधिक वर्षे त्या भिंतींत राहिली ती माणसे त्याची. दोघांनाही पुरेल असे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. “जिना जपून उतर,” एवढेच मी म्हणालो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)