शेवटची ओळ आधी वाचतात

परदेशी जाणारं पाकीट खालून वर वाचलं जातं. तुमचा भाऊ बर्लिनमध्ये कुठल्या गल्लीत राहतो, याच्याशी अकोल्याच्या पोस्टाला काही देणंघेणं नसतं. त्यांना हवी असते फक्त शेवटची ओळ, म्हणजे देश. जर्मनीत पोचल्यावर त्याच्या वरची ओळ कामाला येते: पोस्टकोड आणि शहर. मग गल्ली, घर नंबर आणि सर्वांत शेवटी नाव. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्यापुरती एक ओळ वाचतो आणि पाकीट पुढे सरकवतो.

एकदा हे लक्षात आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. देशाचं नाव पाठवणाऱ्या देशाला कळलं पाहिजे, म्हणून अकोल्याहून लिहिताना 'डॉइचलांड' नाही, 'जर्मनी' लिहायचं. तेही रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, स्वतंत्र ओळीवर. त्याच्या वरचं सगळं मात्र जर्मन पोस्टमनला रोज दिसतं तसं: रस्त्याचं नाव आधी, घर नंबर नंतर; पोस्टकोड शहराच्या आधी. एकाच पाकिटावर दोन देशांच्या सवयी सांभाळायच्या असतात.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक देशाचा दुसऱ्या देशाशी वेगळा टपाल करार असे, दरही वेगळे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी एक करार केला आणि टपालापुरतं सगळ्यांनी मिळून एकच क्षेत्र मानलं. त्यातूनच आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली. १ जुलै १८७६ ला भारतही त्यात आला.

भारत आला खरा, पण आपला वऱ्हाड त्या पाकिटावर नेमका कुठे होता?

अमरावतीतलं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६ पासून 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार', १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. घर जागचं हललं नाही, पण चोवीस वर्षांत त्याच्या पत्त्यातलं प्रांताचं नाव तीनदा बदललं. गावाचं इंग्रजी स्पेलिंगही तेव्हा 'Amravati' नव्हतं, 'Amraoti' होतं. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकत होते. त्या काळी तिकडून घरी पत्र पाठवणाऱ्याला महाराष्ट्र नावाचं राज्य लिहायची सोयच नव्हती.

त्यात नावांचा गोंधळ. आपलं अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले यांच्यात एका मात्रेचा फरक. अमरावती इथेही आहे आणि आंध्रातही. शिवाय पाकिटावर मराठी, तेलुगू, उर्दू, कुठलीही लिपी असू शकते. यावर उत्तर शोधलं ते एका मराठी माणसानं. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सहा आकडे: पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यासकट वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१, आणि अकोले ४२२६०१. संपला गोंधळ.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. बुलडाणा ४४३ वर, अकोला, अमरावती, वाशीम ४४४ वर, यवतमाळ ४४५ वर. तीन लागोपाठचे आकडे आणि त्यांत जवळजवळ अख्खा वऱ्हाड. पाकिटावरून 'बेरार' पुसलं गेलं, पण आकड्यांत ते शेजारी शेजारी नांदतंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पत्त्याचे फॉर्म हा माझ्या कामाचा भाग आहे. पोस्टकोड भरल्याशिवाय पुढे जाऊच न देणारे फॉर्म तुम्हीही पाहिले असतील. संयुक्त अरब अमिरातीत पोस्टकोड नाहीतच, तिथे पोस्ट बॉक्स चालतो. मग दुबईतला माणूस त्या रकान्यात शून्यं भरत बसतो. आणि आपल्या 'मु. पो. ता. जि.' ला तर त्या फॉर्मात रकानाच नसतो. गावाकडे घराला नंबर नसतो, 'मारुतीच्या पाराजवळ' हाच पत्ता असतो.

आता पत्रं कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण शेताची वाटणी निघाली की कळतं. परदेशातल्या भावाला मुखत्यारपत्र करायचं असेल, तर मूळ कागदच इकडे यावा लागतो; फोटो काढून पाठवलेला चालत नाही. शिवाय भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लागला पाहिजे. अशा वेळी तो कागद अकोल्याला येतो की अकोल्यात, यावर सगळं अडतं.

२०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. दहा अक्षर-आकड्यांत सुमारे चार मीटर बाय चार मीटरची जागा सापडते. मारुतीच्या पाराजवळचं घर नकाशावर दाखवायला तो उपयोगी पडेल. पण परदेशातून येणाऱ्या पाकिटाला आधी देश ओलांडायचा असतो.

म्हणून बाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला एवढं नक्की कळवा: सगळ्यात खाली 'इंडिया', मोठ्या रोमन अक्षरांत. त्याच्या वर राज्य, आणि गावासोबत पिनकोड, इंग्रजी आकड्यांत. त्याच्या वर पोस्ट, तालुका, जिल्हा, घराची खूण आणि नाव. रोमनमध्ये तर लिहाच, पण जागा असेल तर शेजारी मराठीतही लिहा. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता. आणि पारालगतच्या घराचं पत्र असेल, तर 'पाराजवळ' हा शब्द गाळू नका. शेवटच्या पोस्टमनला तोच लागतो.