गोठ्यातली शाळा

गोव्यातल्या मराठी वाचकाला पांढुर्णा हे नाव ठाऊक असते ते बहुधा गोटमारीच्या बातमीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे, आणि मधे दगडांचा वर्षाव! माणसे जखमी होतात, बातमी छापून येते, आपण हळहळतो आणि पान उलटतो. आदल्या दिवशीच्या पोळ्याची बातमी मात्र कुणी करत नाही. मला आज त्या पोळ्याविषयी, खरे तर त्यामागे वर्षभर गोठ्यात चालणाऱ्या कामाविषयी लिहायचे आहे. कारण नववी-दहावीतल्या मुलामुलींनी जनावर सांभाळले तर अभ्यास बुडतो, असे आपण धरून चालतो. नीट पाहिले तर अर्धा अभ्यास त्या गोठ्यातच असतो.

आधी हा मुलूख कोणता ते पाहू. पांढुर्णा आणि सौसर हे सातपुड्याच्या दक्षिण अंगाचे, नागपूरला लागून असलेले तालुके. संत्री आणि कापूस ही इथली पिके. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली डलहौसीने खालसा केले आणि १८६१ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांतात गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर हे मराठी तालुकेही. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात आणि गोठ्यात मराठी, शाळेत बहुतेक ठिकाणी हिंदी, अशी इथल्या मुलांची स्थिती आहे.

या भागाचे स्वतःचे गोधन म्हणजे गवळाऊ जात. वर्धा, नागपूर, छिंदवाडा हा तिचा मूळ टापू. पांढरा रंग, सडपातळ बांधा आणि चपळ चाल. डोंगराळ वाटांवर लष्कराचे सामान वेगाने नेण्यासाठी मराठ्यांनी ही जात जोपासली, असे पशुपालनाच्या ग्रंथांत सांगतात. म्हणजे दावणीला उभा असलेला बैल हाच इतिहासाचा एक धडा. पण तो तसा आहे हे मुलाला कुणीतरी सांगावे लागते!

आता गणित घ्या. गोऱ्ह्याचे वजन करायला खेड्यात काटा नसतो. मग शिंप्याची टेप घ्यायची, पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजायचा, खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजायची, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ३००, की वजन पौंडांत येते. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. हा अंदाजच, पण जंताच्या औषधाचा डोस ठरवायला उपयोगी. घेराचा वर्गच का? कारण जनावराचे धड ढोबळमानाने वृत्तचितीसारखे आहे आणि वृत्तचितीचे घनफळ परिघाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पुस्तकात रुक्ष वाटणारे सूत्र इथे शेपटी हलवत उभे असते.

जीवशास्त्राचे तसेच. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. दोनदाती म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचे, मग चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेले. बाजारात बैलाचे तोंड उघडून वय सांगणारा शेतकरी शरीरशास्त्रच वाचत असतो. पोटाचे चार कप्पे, पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांनी कडबा आंबवणे, आणि एकदम जास्त धान्य खाल्ले की होणारी पोटफुगी. हे ज्याने एकदा रात्रभर जागून पाहिले, त्याला रवंथ करणाऱ्या प्राण्यांवर टीप लिहिताना पाठांतर लागणार नाही.

पोळा तर पंचांगाचा धडाच. आपण त्या दिवसाला श्रावण अमावास्या म्हणतो, हिंदी पंचांगात तीच भाद्रपद अमावास्या असते. चंद्र एकच, पण आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. दोन्ही पंचांगे जिथे शेजारी नांदतात, तिथल्या मुलाने हा प्रश्न विचारला नाही तर कुणी विचारायचा? पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या ऐकल्या, की यमक, उपहास आणि हजरजबाबीपणा हेही कानांवरून जातात.

असे शिक्षण ही काही नवी कल्पना नव्हे. जवळच्याच वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा केला. हाताने करायच्या कामातूनच गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवायचे, हे तिचे सूत्र. तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम यांनी १९०२ मध्ये खेड्यातल्या मुलांचे मंडळ सुरू केले. अशा मंडळांतून पुढे फोर-एच चळवळ उभी राहिली. तिथे वासरू वाढवणारा मुलगा चारा, खर्च, वजन यांची वही ठेवतो.

माझ्यासारख्या कारकुनाला ती वही फार महत्त्वाची वाटते. नुसती गुरे वळून कुणी शिकत नाही. गुरांमागे धाडल्यामुळे शाळा सुटलेल्या पोरांच्या पिढ्या आपल्याकडे झाल्या, त्या दुःखाला गोंडस नाव देऊ नये. फरक नोंदीत आहे. आज किती चारा, किती दूध, लस कधी, ताप किती, हे लिहिले की कामाचा अभ्यास होतो. आणि ते आधी घरच्या भाषेत लिहावे. वेसण, कडबा, दावण हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला शाळेच्या हिंदीत तेवढे शब्द सापडत नाहीत म्हणून तो अडाणी ठरतो, हा अन्याय आहे. घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी, हे आपल्या गोमंतकीयांना वेगळे समजावून सांगायला नको!

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविना दिवस सुचवले आहेत. त्यातला एखादा दिवस गोठ्यात जाऊ द्या. आपल्याकडेही दिवाळीच्या पाडव्याला गोरवांना न्हाऊ-माखू घालतात, माळा घालतात. त्या दिवशी घरातल्या मुलाच्या हातात माळेबरोबर एक टेप आणि एक वही दिली तर? गोठा नसेल त्यांच्या घरी कुत्रे-मांजर असेल, त्याचीही वही होते. प्राणी तोच, माया तीच, पण त्या मुलाला शाळेत सांगण्यासारखे स्वतःचे काहीतरी असेल.