दस्ता कोणाच्या मापाचा?

बोल्ट-ॲक्शन रायफलचा कारखान्यातून आलेला लाकडी दस्ता उतरवायचा आणि आपल्या अंगाला बसेल असा दुसरा चढवायचा, गाल टेकवायची पट्टी वर-खाली करून घ्यायची, चापाचा जोर कमी-जास्त करायचा, ही कामे युरोप-अमेरिकेतले नेमबाज सर्रास करतात. आपल्याकडे अशा कामाला इतिहासच नाही, असा समज आहे. मला तो मान्य नाही. बंदुकीत फेरफार करण्याची रीत या देशात दीडशे वर्षांहून जुनी आहे. फक्त तो फेरफार बंदूक धरणाऱ्याचा दर्जा पाहून होत असे, त्याचा हात, मान, खांदा पाहून नव्हे. माणसाच्या अंगाप्रमाणे हत्यार बसवून घेण्याचा हक्क आपल्याला उशिरा मिळाला, आणि तो सैन्यातून किंवा शिकारीतून सर्वांपर्यंत पोचला नाही. तो खेळातून आला. पनवेल आणि त्याच्या आसपासचा टापू एवढाच डोळ्यांपुढे ठेवला तरी हा सगळा प्रवास दिसतो.

आधी दस्त्याचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. गोळी नळीतून सुटते खरी, पण नळी कुठे रोखली जाईल हे दस्ता ठरवतो. दस्ता लांब पडला तर खांदा मागे ओढला जातो, आखूड पडला तर डोळा नेमाच्या काचेला भिडतो. गालाला नेमका आधार नसेल तर दर वेळी डोळा वेगळ्या उंचीवर येतो आणि नेम तेवढाच सरकतो. शिवाय लाकूड हवेतले पाणी पिते. कोकणातल्या पावसाळ्यात ते फुगते, नळीला एका बाजूने दाबते, आणि मे महिन्यात जुळवलेला नेम जुलैत चुकतो. म्हणून आजच्या स्पर्धेच्या रायफलींत नळी दस्त्याला न टेकता मोकळी ठेवतात आणि यंत्रणा ॲल्युमिनियमच्या किंवा थरांच्या लाकडाच्या बैठकीत घट्ट बसवतात.

आता १८५७ नंतरचा काळ पाहा. उठावाचे एक निमित्त एनफिल्ड रायफलचे काडतूस होते. उठाव मोडल्यावर इंग्रज सरकारने देशी पलटणींसाठी त्याच एनफिल्डचा १८५८ चा खास नमुना काढला. नळीच्या आतले आटे काढून ती गुळगुळीत केली आणि अंतराप्रमाणे उंची बदलणारी मागची खूण काढून साधी, न हलणारी खूण बसवली. बाहेरून हत्यार तेच दिसे, पण लांबवरचा नेम त्यातून निघून गेला होता. नळी आतून कोरल्यामुळे तिची भिंत इतकी पातळ झाली की पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. हत्यार बिघडले तरी चालेल, पण ते देशी शिपायाच्या हाती पूर्ण ताकदीने जायला नको, ही ती दृष्टी होती. पुढेही देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी रायफल देण्याचा रिवाज राहिला: त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा इकडे स्नायडर होती.

सामान्य रयतेच्या बाबतीत प्रश्न फेरफाराचाही उरला नाही. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हाच गुन्हा ठरला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि तो किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला होता. म्हणजे तीन पिढ्यांत हे घराणे किल्ल्याच्या शस्त्रागारापासून परवान्याच्या कागदापर्यंत येऊन पोचले होते. फडक्यांच्या रामोशी साथीदारांपाशी तलवारी आणि थोड्याफार बंदुका होत्या. मे महिन्यात त्यांच्यापैकी दौलतराव नाईकाच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्प्यावर छापा घातला आणि घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारला गेला. या चकमकीचा निकाल शौर्याने लागला नाही. हत्यारांतल्या अंतराने तो आधीच लावून ठेवला होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच हत्यार कायद्याविरुद्ध ठराव केला, यावरून त्याची बोच किती खोल होती हे कळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली .३०३, ही तर अंगाच्या मापाने मिळत होती. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असे. मागचा तुकडा एका लांब बोल्टने पोलादी खोबणीत आवळलेला, आणि त्याच्या चार लांब्या होत्या, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने. बुटक्या शिपायाला आखूड, उंचाला लांब. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने तर इथल्या हवेचाही विचार केला. लाकूड उलू नये म्हणून पुढच्या दस्त्यातून आडवा स्क्रू घालण्याची पद्धत तिथलीच, आणि जगभरचे जुन्या रायफलींचे जाणकार त्या स्क्रूवरून इशापूरचे काम ओळखतात. हे सगळे खरे आहे, आणि त्या कारागिरांच्या हुशारीला मी मनापासून मान देतो. पण त्याच रायफलीचे पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी काय झाले तेही पाहायला हवे. .३०३ ची नळी कोरून तिची आटे नसलेली .४१० मस्केट केली गेली, आणि जिथे दहा गोळ्यांची पेटी बसायची त्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवला. एका वेळी एकच काडतूस, आणि त्यात .३०३ चे काडतूस चालू नये अशी व्यवस्था. १८५८ साली एनफिल्डचे जे केले तेच विसाव्या शतकात ली-एनफिल्डचे केले. तेव्हा चार मापांचे दस्ते हा लढाईला पाठवायच्या शिपायापुरता अपवाद म्हणावा लागेल. देशी माणसाच्या बाबतीत धोरण ठोकळ्याचेच होते.

बदल स्वातंत्र्यानंतर आला, आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. नेमबाजीची एक राष्ट्रीय स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. १९५९ च्या नव्या हत्यार कायद्याने परवाना कायम ठेवला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची वाट जवळपास बंद केली, आणि रायफल हौसेने हाताळायची जागा उरली ती रेंज. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. तिथे एअर रायफल चालते, बोल्ट-ॲक्शन नव्हे, पण अंगाला स्टॉक, म्हणजे दस्ता, बसवण्याची विद्या दोन्हींची एकच. शिरूर यांची शिष्या अवनी लेखरा व्हीलचेअरवरून नेम धरते. टोकियो पॅरालिंपिकमध्ये तिने एअर रायफलचे सुवर्ण आणि ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले. बसून नेम धरणाऱ्या नेमबाजाचा सारा तोल कमरेच्या वर असतो. उभ्या माणसासाठी घडवलेला दस्ता तिथे उपयोगाचा नाही.

सुटे भाग, महागडे आयात स्टॉक हे पैसेवाल्यांचे लाड आहेत, नेम शेवटी माणसाचा असतो, असे म्हणणारे पुष्कळ. पैशाचा मुद्दा खरा आहे आणि तो सोडवायलाच हवा. पण ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला झोपून ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांसह कांस्य आणले. त्याच्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत नेम धरावा लागतो. प्रत्येक अवस्थेत मान वेगळी वळते, खांदा वेगळा येतो, म्हणून गालपट्टी आणि खांद्याची पट्टी स्पर्धा चालू असतानाच बदलावी लागते. इतक्या बारीक मापात माणूस आणि दस्ता वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हत्यारात फेरफाराला मोकळीक दिली तर ती गुन्हेगाराच्या पथ्यावर पडेल. नळी, बोल्ट आणि गोळ्यांची पेटी यांच्याबाबत मी या आक्षेपाशी पूर्ण सहमत आहे. १९५९ च्या कायद्याचे सहावे कलम परवान्याशिवाय नळी आखूड करण्याला मनाई करते ते बरोबरच आहे, आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्याला परवाना हवा हेही बरोबर. पण गालपट्टी आणि खांद्याची पट्टी यांनी गोळीचा वेग वाढत नाही, संख्या वाढत नाही, हत्यार लपवणे सोपे होत नाही. धोका वाढवणारा भाग आणि नेम सुधारणारा भाग यांत फरक करायला १८५८ चे सरकार तयार नव्हते, कारण त्याला नेमाचीच भीती होती. आपल्या सरकारला ती भीती बाळगायचे कारण नाही. परवाना असलेल्या आपल्या कारागिरांनी खेळासाठी दस्ते घडवावेत, तालुक्याच्या रेंजवरच्या मुलीला परदेशी मापाच्या स्टॉकवर अवलंबून राहावे लागू नये, यासाठी नियमांत स्पष्ट जागा असायला हवी.

आणि एक विनंती राज्याच्या गृहखात्याला. शस्त्रागारात .४१० मस्केट बाद होतील तेव्हा सगळ्या वितळवू नका. एक तरी निकामी करून, पेटीच्या जागचा लाकडी ठोकळा दिसेल अशी, रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात ठेवा.