सिन्नर आणि कोंकणचीं बंदरें

सिन्नर हें सह्याद्रीच्या पूर्वेस, नासिक–पुणें मार्गावरचें देशावरील गांव. बंदरांच्या इतिहासांत त्याचें काय काम, असें वाचक विचारतील. आमचें म्हणणें असें कीं, बंदराची जकात किनाऱ्यावर वसूल होत असली तरी ती उत्पन्न करणारा माल व गिऱ्हाईक बहुधा घाटापलीकडे असे. सबब एकट्या किनाऱ्याच्या साधनांवरून बंदरांचा इतिहास पुरा होणार नाहीं.

ह्याचा जुना पुरावा नासिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधिल्या आणि दमण, तापी, डाहणुका इत्यादि नद्यांवर विनामूल्य नावा ठेविल्या. दुसऱ्या लेखाप्रमाणें त्यानें गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव ठेविली. पैकीं २००० वर दरमहा शेंकडा एक व १००० वर पाऊण असें व्याज होतें. त्यांतच चिखलपद्र गांवच्या ८००० नारळींचें दान नमूद आहे. गोवर्धन नासिकच्या लगतचें. घाटावरील मागवाल्यांचें भांडवल, नारळ व बंदराची धर्मशाळा हीं एकाच दात्याच्या हिशेबांत येतात, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

यादवांचें सिंदिनगर म्हणजे सिन्नर, हें अभ्यासकांनीं मान्य केलें आहे. भिल्लम दुसरा याचा संगमनेर ताम्रपट शके ९२२ (इ. स. १०००) चा. त्या काळीं खालचा किनारा ठाण्याच्या शिलाहारांकडे होता. मसूदी इ. स. ९१६ त चेऊलास आला, तेव्हां तेथें सुमारें १०,००० मुसलमान राहत असल्याचें तो लिहितो. शके १०१६ (इ. स. १०९४) च्या खारेपाटण ताम्रपटांत शिलाहार अनंतदेवानें आपल्या अमात्यास व त्याच्या भावास ठाणें, नागपुर, शूर्पारक, चेऊल इत्यादि बंदरांत जकातीची माफी दिली. अमात्य स्वतः श्रेष्ठी असावा आणि माफी हेंच त्याचें इनाम असावें, ह्यावरून बंदराच्या उत्पन्नाची किंमत कळते.

वाट एकाची आणि बंदर दुसऱ्याचें, ही स्थिति पुढें मोडली. यादवांची राजधानी देवगिरीस गेल्यावर महादेवानें (इ. स. १२६१–७१) कोंकण घेतलें, शिलाहार सोमेश्वर समुद्रांत बुडाला, असें हेमाद्रि सांगतो. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवरील जहाजांची लढाई हीच, असें कांहीं विद्वान मानतात. परंतु त्या शिळांवर काळ ठरविण्याजोगा लेख वाचतां येत नसल्यामुळें हें केवळ अनुमान होय. रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक साष्टीवर होता, हें मात्र शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ताम्रपटानें सिद्ध आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांनीं मार्को पोलो ठाण्याच्या चांच्यांविषयीं लिहितो कीं, लुटींतले घोडे राजास द्यावयाचे व बाकी माल त्यांनीं ठेवावयाचा, असा करार होता. घोडे दर्यावर्द्यांच्या उपयोगाचे नव्हत. ते लागत घोडदळास. म्हणजे चांचेगिरीचा हा करार समजण्यासही घाटमाथ्याकडेच पाहावें लागतें, असें आम्हांस वाटतें.

आतां संग्राहकांस एक विनंति. राजपत्रें व सनदा आपण आदरानें जपतों. जकातीचे, बैलांच्या तांड्यांचे, वर चढणाऱ्या मिठाचे, सुक्या मासळीचे व नारळांचे मोडी हिशेब मात्र किरकोळ म्हणून बाजूस पडतात. सिन्नर, नासिक व घाटवाटांवरील जुन्या घराण्यांत असे फर्द आढळल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. त्यांवर राजाचा शिक्का नसेल. पण बंदरांतला माल कोठवर पोंचला आणि त्याचें मोल कोणीं दिलें, हें त्यांखेरीज कळावयाचें नाहीं.